नव्या शहरातला एक उन्हाळा : झुंपा लाहिरी यांच्या ‘द थर्ड अँड फायनल कॉन्टिनेंट’ या कथेचा अभ्यास

१. प्रस्तावना

लग्नानंतर नव्या शहरात थाटलेला संसार हा भारतीय कथा-कादंबऱ्यांत आणि चित्रपटांत पुन्हापुन्हा येणारा विषय आहे. प्रस्तुत पाठात आपण या विषयावरील एका कथेचा विचार करणार आहोत. झुंपा लाहिरी यांच्या ‘इंटरप्रिटर ऑफ मॅलडीज’ (१९९९) या संग्रहातील नऊ कथांपैकी ‘द थर्ड अँड फायनल कॉन्टिनेंट’ ही शेवटची कथा. या संग्रहाला २००० साली पुलित्झर पुरस्कार मिळाला आणि तेव्हापासून अनेक विद्यापीठांच्या अभ्यासक्रमात यातील कथा नेमल्या गेल्या आहेत.

या कथेविषयी परीक्षेत साधारणपणे एकच उत्तर लिहिले जाते : एक गरीब बंगाली तरुण तीन खंड ओलांडतो, कष्टाने स्थिरावतो, एक वृद्ध अमेरिकन बाई त्याच्या पत्नीची तारीफ करते आणि नवरा-बायकोतले अंतर मिटते. हे उत्तर चुकीचे नाही, पण अपुरे आहे. ते तसेच स्वीकारले तर एक अवघड प्रश्न शिल्लक राहतो. कोलकात्याच्या नवऱ्याला आपली बायको ‘दिसण्यासाठी’ बॉस्टनच्या गोऱ्या बाईचे प्रमाणपत्र का लागावे? या प्रश्नाचे उत्तर कथेतील घटनांच्या क्रमात आहे. तो क्रम नीट वाचणे हा या पाठाचा मुख्य हेतू आहे.

२. पार्श्वभूमी

कथा १९६९ सालच्या उन्हाळ्यात घडते. आपल्याकडे उन्हाळा म्हटले की चैत्र-वैशाख आठवतो. बॉस्टनचा उन्हाळा जूनपासून सप्टेंबरपर्यंत, म्हणजे आपल्याकडे पाऊस कोसळत असताना असतो. हा तपशील पुढे उपयोगी पडणार आहे.

त्या काळाचा कायदेशीर संदर्भही लक्षात घ्यावा. १९४६ च्या कायद्याने भारतीयांसाठी अमेरिकेत स्थायिक होण्याचा वार्षिक कोटा केवळ १०० होता. १९६५ च्या स्थलांतर कायद्याने राष्ट्रवार कोट्याची ही पद्धत मोडीत काढली. शिक्षित, कौशल्य असलेल्या आशियाई लोकांना वाट मोकळी झाली आणि त्यांच्या कुटुंबीयांनाही मागोमाग येता येऊ लागले. कथेचा निवेदक या पहिल्या लाटेतला आहे. लाहिरी यांचा जन्म १९६७ साली लंडनमध्ये झाला आणि त्या अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्यात वाढल्या. त्यांचे वडील विद्यापीठाच्या ग्रंथालयात काम करत. या कथेच्या निवेदकासाठी त्यांनी वडिलांचाच आदर्श समोर ठेवला होता. म्हणजे मुलीने वडिलांच्या आवाजात, आपल्या आठवणीपलीकडच्या एका उन्हाळ्याची कथा सांगितली आहे.

३. कथासूत्र

निवेदकाला कथेत नाव नाही. तो १९६४ साली बोटीने भारत सोडतो आणि लंडनमध्ये इतर बंगाली ब्रह्मचाऱ्यांबरोबर दाटीवाटीने राहतो. शिकता शिकता तो ग्रंथालयात काम करतो. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी दोन गोष्टी एकदम घडतात : एमआयटीच्या ग्रंथालयात नोकरी मिळते आणि घरच्यांनी लग्न ठरवलेले असते. तो कोलकात्याला जाऊन मालाशी लग्न करतो आणि आठवडाभरात बॉस्टनला निघतो. मालाच्या कागदपत्रांना सहा आठवडे लागणार असतात.

तो बॉस्टनला पोहोचतो त्याच दिवशी, २० जुलै १९६९ रोजी, माणूस चंद्रावर उतरतो. निवेदक आधी वायएमसीएच्या खोलीत राहतो. तिथे रात्रभर रस्त्यावरच्या वाहनांचा आवाज असतो आणि जेवण म्हणजे दूध आणि कॉर्नफ्लेक्स. मग तो आठवड्याला ८ डॉलर भाड्याने मिसेस क्रॉफ्ट या अतिवृद्ध विधवेच्या घरी खोली घेतो. त्या रोज संध्याकाळी त्याला पियानोच्या बाकावर शेजारी बसवतात, चंद्रावर अमेरिकेचा झेंडा आहे हे सांगतात आणि त्यावर ‘स्प्लेंडिड’ असे म्हणायला लावतात. त्यांचे वय १०३ आहे हे त्याला नंतर त्यांच्या मुलीकडून कळते. माला येण्याच्या वेळी तो दुसरे घर घेतो. पहिला आठवडा दोघे परक्यासारखे राहतात. मग एका संध्याकाळी फिरताना तो मालाला मिसेस क्रॉफ्टच्या घरी नेतो आणि तिथे काहीतरी बदलते.

४. ‘सवय’ या शब्दाभोवती रचलेली कथा

लाहिरी यांचे निवेदन वरवर पाहता हिशेबाच्या वहीसारखे आहे. खिशात किती पैसे होते, भाडे किती, काय विकत घेतले, काय खाल्ले हे निवेदक काटेकोरपणे सांगतो. भावना मात्र तो जवळजवळ सांगतच नाही. लग्नानंतरच्या रात्री माला आईवडिलांच्या आठवणीने रडते. तो तिची समजूत काढत नाही, टॉर्चच्या उजेडात अमेरिकेविषयीचे मार्गदर्शक पुस्तक वाचत बसतो. हा प्रसंग तो कोणतीही सबब न देता सांगतो. आजचा वाचक त्याला कठोर म्हणेल.

पण हा कठोरपणा कुठून आला हेही कथेत आहे. त्याच्या वडिलांच्या मृत्यूनंतर आईचे मन बिघडले आणि ती पुन्हा सावरली नाही. तिच्या चितेला अग्नी देण्याचे काम थोरल्या भावाला झेपले नाही, ते याने केले. मालाच्या रडण्याच्या रात्री आईची रिकामी खोली भिंतीपलीकडेच आहे. एका माणसावर सगळे आयुष्य टांगले की काय होते, हे त्याने पाहिले आहे. म्हणून त्याने जगण्याची एक पद्धत शोधली आहे : कोणत्याही गोष्टीवर प्रेम करायचे नाही, तिची सवय करून घ्यायची. बोटीची, लंडनच्या गर्दीची, वायएमसीएच्या आवाजाची, कॉर्नफ्लेक्सची आणि अखेर मिसेस क्रॉफ्टच्या बाकाचीसुद्धा.

माला आल्यावर तो हाच हिशेब मांडतो. शहरातल्या सगळ्या गोष्टींची सवय झाली, एका मालाची मात्र झाली नाही, असे तो नोंदवतो. हे वाक्य कथेचा कणा आहे असे मला वाटते. स्थलांतरित माणसाला टिकवून धरणारे कौशल्य संसारात अपुरे पडते, कारण माणूस ही सवय लावून घेण्याची वस्तू नाही. मालाला समजून घ्यायला त्याला वेगळेच काहीतरी लागणार आहे.

५. पदराचा प्रसंग आणि चुकलेला अंदाज

माला येण्याआधी निवेदकाला रस्त्यात एक भारतीय बाई दिसते. तिच्या साडीचा पदर जवळजवळ जमिनीला टेकलेला आहे आणि ती मुलाची बाबागाडी ढकलत चालली आहे. एका अमेरिकन बाईचा कुत्रा उडी मारून तिचा पदर दातांत धरतो. कुत्र्याची मालकीण माफी मागून निघून जाते. भारतीय बाई रस्त्यातच पदर सावरते आणि रडणाऱ्या मुलाला गप्प करते. निवेदक हे दुरून पाहतो. आता अशा गोष्टी आपली जबाबदारी होणार, हे त्याच्या लक्षात येते.

हा प्रसंग बहुतेक वेळा ‘परक्या देशातील असुरक्षितता’ या शीर्षकाखाली समजावला जातो. पण निवेदकाची जागा पाहा. तो मदतीला जात नाही, ती बाई त्याला पाहतही नाही. मालाविषयी तो पहिल्यांदा गंभीरपणे विचार करतो तो अशा एका प्रसंगामुळे, जिथे तो केवळ प्रेक्षक आहे. अजून न आलेली माला त्याच्या मनात एक काळजी बनून राहते : तिला बर्फाचे बूट घ्यावे लागतील, थंडीचा कोट घ्यावा लागेल. याच सुमारास मालाचे इंग्रजीत लिहिलेले पत्र येते. तिथे थंडी आहे का, बर्फ पडतो का, असे ती भर उन्हाळ्यात विचारते. त्या पत्राने तो हलत नाही. दोघेही एकमेकांविषयी नव्हे, तर न आलेल्या हिवाळ्याविषयी विचार करत आहेत. एवढाच काय तो दोघांतला दुवा.

आणि मग विमानतळावर माला येते तेव्हा तिचा पदर जमिनीवर लोळत नसतो, तो डोक्यावर घेतलेला असतो. लेखिका हे एका ओळीत सांगून पुढे जाते. पण त्या एका ओळीने निवेदकाचा सहा आठवड्यांचा अंदाज चुकीचा ठरतो. त्याने मनात रंगवलेली माला आणि समोर उभी असलेली माला एक नाहीत. तो तिचा हात धरत नाही. बंगालीत विचारतो, भूक लागली आहे का? विमानातल्या जेवणात बैलाच्या शेपटीचे सूप आहे हे वाचून तिने वाटेत काहीच खाल्लेले नसते. त्याने घरी अंड्याची रस्साभाजी करून ठेवली आहे. ‘बोलता येत नाही म्हणून खाऊ घालणे’ आपल्या सर्वांच्या घरांत ओळखीचे आहे. ते प्रेम आहे की कर्तव्य, हे लेखिका ठरवत नाही. अजून ते निवेदकालाही ठाऊक नाही.

६. दिवाणखान्यातील प्रसंग : क्रमाचे महत्त्व

आता मुख्य प्रसंगाकडे येऊ. फिरायला जाण्याची सूचना त्याची असते. माला मात्र रेशमी साडी नेसून, केस नीट घालून, जास्तीच्या बांगड्या चढवून तयार होते, जणू एखाद्या समारंभाला जायचे आहे. आपण उगाच सुचवले असे त्याला वाटते. चालता चालता ते मिसेस क्रॉफ्टच्या घरापाशी येतात. तू येण्याआधी मी इथे राहत होतो, असे तो सांगतो. त्यावर माला विचारत जाते : घरात आणखी कोण? एक म्हातारी बाई. तिच्या माणसांबरोबर? नाही, एकटीच. मग तिची काळजी कोण घेते?

हा शेवटचा प्रश्न सहज आलेला नाही. अनोळखी शहरात, अनोळखी माणसाबरोबर आठवडाभर राहिलेल्या मुलीचा हा प्रश्न आहे. ती विचारते मिसेस क्रॉफ्टविषयी, पण त्यात तिची स्वतःची परिस्थिती आहे.

आत गेल्यावर घटना पुढील क्रमाने घडतात. हा क्रम विद्यार्थ्यांनी वहीत लिहून ठेवावा.

पहिली घटना : पडून कंबरेचे हाड मोडलेल्या मिसेस क्रॉफ्ट आपण स्वतः पोलिसांना फोन केला असे अभिमानाने सांगतात आणि निवेदक सवयीने ‘स्प्लेंडिड’ म्हणतो.

दुसरी घटना : माला हसते. तिचे हसू निवेदक पहिल्यांदाच ऐकतो.

तिसरी घटना : ते हसू ऐकून मिसेस क्रॉफ्ट मालाकडे वळतात आणि तिला आपादमस्तक न्याहाळू लागतात.

चौथी घटना : निवेदकाला प्रश्न पडतो की या बाईने कधी साडी, कुंकू, बांगड्या, पायांचा आळता पाहिला असेल का आणि ती कशाला नावे ठेवेल. इथेच त्याला उमगते की मालाही आपल्यासारखीच घर सोडून, पुढे काय आहे हे न कळता, इतक्या दूर आली आहे. एक दिवस तिचा मृत्यू आपल्याला आणि आपला तिला चटका लावून जाईल, हेही त्याला जाणवते.

पाचवी घटना : मिसेस क्रॉफ्ट निर्णय देतात की ही अगदी खानदानी स्त्री आहे.

सहावी घटना : यावेळी निवेदक हळूच हसतो. मिसेस क्रॉफ्टना ते ऐकू येत नाही, मालाला येते. दोघे एकमेकांकडे पाहून पहिल्यांदा हसतात.

चौथी घटना पाचवीच्या आधी येते, हे लक्षात घ्या. निवेदकाचे मन वळते ते मिसेस क्रॉफ्टनी तारीफ करण्यापूर्वी, त्यांची नजर अजून तुच्छतेची वाटत असताना. कुत्र्याच्या प्रसंगात तो बाजूला उभा राहून पाहत होता. इथे परकी नजर त्याच्या पत्नीवर पडलेली असताना तो मनाने तिच्या बाजूला जाऊन उभा राहतो. परीक्षा दोघांची आहे असे त्याला प्रथमच वाटते. म्हणून पाचव्या घटनेतील शेरा हे प्रमाणपत्र ठरत नाही. तो ऐकून दोघांना हसू येते, कृतज्ञता नव्हे. आणि ते हसू फक्त दोघांत राहते, मिसेस क्रॉफ्टच्या वाट्याला जात नाही. नवीन शहरात या जोडप्याच्या मालकीची झालेली ही पहिली गोष्ट.

मृत्यूचा विचार इथे का यावा, असा प्रश्न विद्यार्थी नेहमी विचारतात. वर आपण आईची गोष्ट पाहिली. ज्या धास्तीमुळे निवेदक कुणातच गुंतत नव्हता, ती धास्तीच तो इथे स्वीकारतो. आईला वैधव्य पेलले नाही. मिसेस क्रॉफ्ट मात्र पियानो शिकवून पोट भरत, एकट्या, १०३ वर्षांच्या झाल्या. गुंतणे आणि गमावणे यांच्यापलीकडेही माणूस जगू शकतो, याचा पुरावा त्या समोर बसल्या आहेत. प्रस्तुत कथेत त्यांचे महत्त्व या पुराव्यामुळे आहे.

७. दोन आक्षेप

पहिला आक्षेप गोऱ्या नजरेचा. वरील क्रम पाहिल्यावर तो बराच सौम्य होतो, पण संपत नाही. पुढे निवेदक स्वतःच सांगतो की दोघांतले अंतर कमी होऊ लागले ते त्या दिवाणखान्यात, असे मानायला त्याला आवडते. ‘असे मानायला आवडते’ या शब्दांवर थांबावे. तीस वर्षांनी मागे वळून पाहणारा माणूस आपल्या संसाराला एक सुंदर आरंभबिंदू देतो आहे. खरे अंतर त्या एका संध्याकाळी मिटले की अनेक बेरंगी संध्याकाळींत थोडे थोडे मिटले, हे आपल्याला कळत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि मला तो मान्य आहे. मालाचा उन्हाळा कथेत नाही. तो कामावर गेल्यावर ती दिवसभर काय करते? कुणाशी बोलते? सकाळी भातासाठी ताट वाढून, कडेला मीठ ठेवून ती वाट पाहते. तो सांगतो की त्याला दूध-कॉर्नफ्लेक्स चालतील. दुसऱ्या दिवशी वाडग्यात कॉर्नफ्लेक्स तयार असतात. नवऱ्याच्या बाजूने ही सोयीची गोष्ट आहे. तिच्या बाजूने पाहिले तर आईच्या घरून आणलेली एक पद्धत एका रात्रीत बाजूला पडली आहे. कथा ते नोंदवते, पण त्याच्या आत शिरत नाही. प्रथमपुरुषी निवेदनाची ही मर्यादा आहे असे म्हणता येईल. परंतु लेखिकेने हा दृष्टिकोन निवडला, तेव्हा त्याने जे झाकले जाते त्याची जबाबदारीही तिच्याकडे जाते. दिवाणखान्यानंतरची तीस वर्षे काही परिच्छेदांत उरकली जातात. मालाने आईवडिलांसाठी रडणे केव्हा थांबवले, हे निवेदक सांगतो. का थांबवले, हे तिच्याकडून ऐकायला मिळत नाही.

८. तुलना

ही कथा आपल्याकडच्या दोन चित्रपटांशेजारी ठेवली तर तिचे वेगळेपण स्पष्ट होते. सत्यजित राय यांच्या ‘अपुर संसार’ (१९५९) मध्ये योगायोगाने लग्न झालेली अपर्णा अपूच्या कोलकात्यातील एका खोलीत येते. ती खिडकीशी उभी राहून रडते आणि फाटक्या पडद्यातून खाली एका आईला मुलाशी खेळताना पाहते. इथे कॅमेरा पत्नीबरोबर खोलीत थांबतो. लाहिरी यांच्या कथेत जे निसटले ते रायांनी शब्दांशिवाय दाखवले आहे.

दुसरा चित्रपट म्हणजे राजा ठाकूर यांचा मराठी ‘मुंबईचा जावई’ (१९७०). त्यावरून बासू चटर्जी यांनी ‘पिया का घर’ (१९७२) हा हिंदी चित्रपट केला. तिथे नवविवाहित जोडप्याची अडचण नेमकी उलट आहे. माणसांनी भरलेल्या मुंबईच्या घरात त्यांना एकांत मिळत नाही. सगळी गंमत आणि सगळे दुःख त्यातूनच निर्माण होते. लाहिरी यांच्या जोडप्याला एकांत भरपूर आहे. स्वतंत्र खोली, स्वयंपाकघर, मध्ये येणारे कुणी नाही. तरीही जवळीक नाही. जवळीक येते ती तिसऱ्या माणसासमोर. भारतीय कुटुंबातली सासू, नणंद, शेजारीण ज्या कामासाठी असतात, म्हणजे नव्या सुनेला न्याहाळणे आणि तिच्यावर शेरा मारणे, ते काम बॉस्टनमध्ये मिसेस क्रॉफ्ट करतात. या अर्थाने मिसेस क्रॉफ्ट केवळ ‘पाश्चात्त्य समाजाच्या प्रतिनिधी’ नाहीत, त्या जोडप्याच्या घरातल्या वडीलधाऱ्या आहेत. पुढे त्यांच्या निधनाची बातमी वर्तमानपत्रात वाचून निवेदक खचतो आणि माला त्याची समजूत घालते. लग्नानंतरच्या रात्री जे त्याला जमले नव्हते, ते ती करते.

९. समारोप

अपोलो ११ चे दोन अंतराळवीर चंद्राच्या पृष्ठभागावर एक दिवसही राहिले नाहीत. निवेदक आणि माला या नव्या जगात तीस वर्षे राहिले. कथेच्या शेवटी निवेदक ही तुलना मुलासाठी करतो आणि आपले यश सर्वसाधारण आहे हेही मान्य करतो. अनेक वाचकांना हा शेवट केवळ स्थलांतराचा गौरव वाटतो. पण चंद्रावर गेलेल्यांनी झेंडा रोवला आणि ते परतले. या जोडप्याने झेंडा रोवला नाही. त्यांनी मासळीचे दुकान शोधले, तमालपत्र आणि लवंगा कुठे मिळतात ते शोधले, आणि एकमेकांना आपापल्या गोष्टी सांगितल्या. मुक्काम हा शब्द मोठा होतो तो अशा कामांनी.

आपल्यापैकी अनेकजण शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी परक्या शहरात राहत असाल. तिथे खोलीची, खाण्याची, गर्दीची सवय होते. शेजारी राहणाऱ्या माणसाची नुसती सवय करून घेणे पुरत नाही, हे ही कथा शांतपणे सांगते. ती उपदेश करत नाही, म्हणून ती लक्षात राहते.

स्वाध्याय

१. दिवाणखान्यातील सहा घटनांचा क्रम लिहा. चौथी आणि पाचवी घटना अदलाबदल केली तर कथेचा अर्थ कसा बदलेल?

२. विमानतळावरून घरी येण्यापासून मिसेस क्रॉफ्टच्या घरापर्यंतचा आठवडा मालाच्या दृष्टिकोनातून सुमारे ३०० शब्दांत लिहा.

३. ‘सवय’ आणि ‘जिव्हाळा’ यांतील फरक कथेतील किमान तीन प्रसंगांच्या आधारे स्पष्ट करा.

४. तुमच्या भाषेतील नवविवाहित जोडप्यावरची एखादी कथा किंवा चित्रपट निवडा. त्यात जोडप्याला ‘न्याहाळणारा’ तिसरा माणूस कोण आहे, ते सांगा.